जुन्या पिकअप ट्रकला नवे पुढील सस्पेन्शन : शेव्हरोले सी-१० च्या संदर्भात एक विवेचन

सूचक शब्द : पिकअप ट्रक, सस्पेन्शन, क्रॉस मेंबर, स्टब ॲक्सल, बॉल जॉइंट, डिस्क ब्रेक, कॅस्टर

प्रास्ताविक

अमेरिकेतील शेतकरी, सुतार, प्लंबर आणि किरकोळ माल पोहोचविणारा व्यापारी यांच्या दारात विसाव्या शतकाच्या मध्यापासून एक विशिष्ट प्रकारचे वाहन उभे राहिलेले दिसते. पुढे दोन-तीन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा आणि या दोहोंच्या खाली शिडीच्या आकाराची पोलादी चॅसी असे त्याचे स्वरूप असते. हाच पिकअप ट्रक होय. त्या काळी त्याच्याकडून सुखद प्रवासाची अपेक्षा कोणी करीत नसे. ओझे वाहावे आणि मोडू नये एवढेच त्याचे काम. १९६० च्या व १९७० च्या दशकांत तयार झालेल्या अशा गाड्या आज पन्नास-साठ वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांपैकी ज्या उरल्या आहेत त्या बहुतांशी हौशी मालकांच्या हाती आहेत. गाडी जुनी राहिली, परंतु तिच्या भोवतीची वाहतूक मात्र जुनी राहिलेली नाही. पुढे धावणारी आधुनिक मोटार ज्या अंतरात थांबते त्या अंतरात साठ वर्षांपूर्वीचे ड्रम ब्रेक असलेली गाडी थांबत नाही. या वास्तवातून पुढील चाकांची जुनी यंत्रणा काढून तिच्या जागी नंतरच्या वर्षांतील यंत्रणा बसविण्याची प्रथा रूढ झाली आहे.

प्रस्तुत लेखात जनरल मोटर्स कंपनीच्या शेव्हरोले सी-१० या गाडीच्या आधारे या अदलाबदलीचे विवेचन केले आहे. १९६३ ते १९७२ या काळातील गाडीवर १९७३ ते १९८७ या काळातील पुढील भाग बसविणे हा त्यातील सर्वाधिक प्रचलित प्रकारांपैकी एक आहे. नावातील 'सी' हे अक्षर केवळ मागील चाकांना गती मिळणाऱ्या गाडीचे, तर '१०' हा अंक अर्ध्या टनाच्या वर्गाचा निदर्शक आहे. चारही चाकांना गती देणाऱ्या 'के' गाड्यांची पुढील रचना मुळातच निराळी असल्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. सस्पेन्शनला मराठीत 'निलंबन' असा पर्याय सुचविता येईल. परंतु हा शब्द कानी पडताच कर्मचाऱ्यावरील कारवाईच डोळ्यांसमोर येते. त्यामुळे गॅरेजमध्ये जे शब्द प्रत्यक्ष वापरले जातात तेच येथे स्वीकारले आहेत.

सस्पेन्शनची रचना व तिची परंपरा

सस्पेन्शनचे काम धक्के शोषून घेण्यापुरते मर्यादित आहे असा सर्वसाधारण समज आढळतो. तो अपुरा आहे. टायर रस्त्याला टेकलेला ठेवणे आणि टेकलेला असताना तो योग्य कोनात ठेवणे हे तिचे मुख्य कार्य होय. ब्रेक कितीही प्रभावी असला तरी गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातील तळहाताएवढ्या जागेतील घर्षणामुळे. ती जागा क्षणभर जरी सुटली तरी ब्रेकचा उपयोग उरत नाही.

१९५९ पर्यंतच्या शेव्हरोले पिकअपमध्ये दोन्ही पुढची चाके एकाच अखंड पोलादी ॲक्सलच्या टोकांना जोडलेली असत आणि तो ॲक्सल पाट्यांवर बसविलेला असे. ही रचना मजबूत, स्वस्त आणि दुरुस्तीस सोपी. तिच्यात दोष एवढाच की डावे चाक दगडावर चढले की उजवे चाकही कलते. मोटारींच्या बाबतीत हा दोष अमेरिकेत १९३४ मध्येच दूर होऊ लागला होता. जनरल मोटर्समध्ये काम करणारे इंग्रज अभियंता मॉरिस ऑली यांच्या प्रयत्नांतून कंपनीच्या मोटारींना त्या वर्षी पुढची स्वतंत्र सस्पेन्शन मिळाली. मालवाहू गाड्यांना मात्र ती मिळण्यास आणखी पंचवीस वर्षे जावी लागली. ओझ्याच्या गाडीला आराम कशाला, ही भूमिका त्यामागे असावी.

१९६० मध्ये शेव्हरोले पिकअपला पुढील स्वतंत्र सस्पेन्शन मिळाली, ती पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्यांची, म्हणजे टॉर्शन बारची. हा प्रयोग तीनच वर्षे टिकला. १९६३ पासून त्या जागी कॉइल स्प्रिंग आली आणि तेव्हा ठरलेला आराखडा तत्त्वतः १९८७ पर्यंत कायम राहिला. १९६७ मध्ये गाडीचे बाह्यरूप बदलले, १९७३ मध्ये ते पुन्हा आमूलाग्र बदलले. परंतु पत्र्याखालील कल्पना तीच राहिली. दहा-पंधरा वर्षांच्या अंतराने तयार झालेले भाग एकमेकांच्या जागी बसू शकतात, याचे कारण कारखान्याच्या या सातत्यात आहे.

या आराखड्याचा कणा म्हणजे क्रॉस मेंबर. चॅसीच्या दोन लांब दांड्यांना आडवा जोडणारा हा जाड पोलादी तुकडा आहे. त्याच्या प्रत्येक टोकाला एकावर एक असे दोन त्रिकोणी हात असतात. त्यांना कंट्रोल आर्म किंवा विशबोन म्हणतात. वरचा हात आखूड व खालचा लांब असतो. हा फरक हेतुपुरस्सर केलेला आहे. गाडी वळणावर कलते तेव्हा बाहेरच्या बाजूचे चाक वर जाते. त्या वेळी आखूड वरचा हात चाकाचा माथा किंचित आत ओढतो आणि टायर रस्त्यावर सपाट राहण्यास मदत होते. दोन्ही हातांच्या टोकांना बॉल जॉइंट असतात आणि त्यांच्या दरम्यान स्टब ॲक्सल उभा असतो. चाक फिरते ते स्टब ॲक्सलच्या पिनेवर आणि स्टीअरिंगने वळतो तोही स्टब ॲक्सलच. कॉइल स्प्रिंग खालच्या हातावर उभी राहून वर क्रॉस मेंबरच्या खोबणीत टेकते. खालच्या हाताचा दांडा क्रॉस मेंबरला यू-बोल्टने आवळलेला असतो, तर वरच्या हाताच्या दांड्यामागे पातळ पोलादी पट्ट्या घालून चाकाचे कोन जुळविले जातात.

यातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्प्रिंग, हात, स्टब ॲक्सल, ब्रेक आणि स्टीअरिंगचा आधार हे सर्व एका क्रॉस मेंबरवर एकत्र आलेले असल्यामुळे तो उतरविला की जवळजवळ संपूर्ण पुढील यंत्रणा एकसंध बाहेर येते.

अदलाबदलीची निकड

अदलाबदलीचे मुख्य कारण ब्रेक हेच आहे. १९७१ मध्ये या गाड्यांना पुढील डिस्क ब्रेक नियमितपणे बसविले जाऊ लागले. तोपर्यंत चारही चाकांना ड्रम होते. पुढच्या ब्रेकवर किती भार येतो हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. गाडीचे वजन १८०० किलोग्रॅम असून रिकाम्या स्थितीत त्यातील ५८ टक्के, म्हणजे १०४४ किलोग्रॅम, पुढच्या चाकांवर आहे असे मानू. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर ११५ इंच, म्हणजे सुमारे २.९२ मीटर, आणि गुरुत्वमध्याची उंची ०.७ मीटर घेऊ. गुरुत्वीय त्वरणाच्या ०.७ पट वेगाने गाडी मंदावली तर सुमारे ३०० किलोग्रॅम भार मागून पुढे सरकतो. म्हणजेच त्या क्षणी पुढच्या चाकांवर सुमारे १३४५ किलोग्रॅम आणि मागच्यांवर अवघा ४५५ किलोग्रॅम भार उरतो. तीन चतुर्थांश काम पुढच्या दोन ब्रेकांना करावे लागते. हौदा रिकामा असलेल्या पिकअपची मागची चाके जोरात ब्रेक दाबताच घसरतात, त्याचे कारणही हेच.

ही गतिज ऊर्जा अखेर उष्णतेत रूपांतरित होते. वरील गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने धावत असता ही ऊर्जा सुमारे पावणेदोन लाख ज्यूल असते. वेग दुप्पट झाला की ती चौपट, म्हणजे सुमारे सात लाख ज्यूल होते. ड्रममध्ये ही उष्णता बंद डब्यात कोंडली जाते. ड्रम तापून प्रसरण पावतो आणि लायनरपासून दूर सरतो, लायनरची पकड कमी होते आणि घाट उतरताना पेडल खाली जाऊनही गाडी थांबत नाही, असा अनुभव येतो. पाण्यातून गेल्यावर ड्रम बराच काळ ओला राहतो. डिस्क मात्र उघड्या हवेत फिरते; ती लवकर थंड होते आणि पाणी झटकून टाकते.

दुसरे कारण सुट्या भागांची उपलब्धता. १९७१ व १९७२ या दोन वर्षांच्या गाड्यांचा डिस्क ब्रेकचा संपूर्ण संच जुन्या गाडीवर सर्वांत सहज बसतो. परंतु उत्पादन दोनच वर्षांचे असल्यामुळे असे संच भंगारात सापडणे दुर्मीळ झाले आहे. १९७३ ते १९८७ ही मालिका पंधरा वर्षे चालली. तिचे पॅड, डिस्क, बॉल जॉइंट व बुश अद्याप बाजारात मिळतात. काटकसरीचा विचार करणारा मालक साहजिकच तिकडे वळतो.

सुटा भाग की संपूर्ण संच ?

या विषयातील खरा मतभेद येथे आहे. जुने हात तसेच ठेवून केवळ नंतरच्या वर्षांचे स्टब ॲक्सल, डिस्क आणि कॅलिपर बसवावेत असे एक मत आढळते. त्यात खर्च कमी येतो, चॅसीला हात लावावा लागत नाही आणि काम दोन दिवसांत उरकते. हा मार्ग योग्य बॉल जॉइंट निवडल्यास साध्य होणारा आहे हे मान्य केले पाहिजे. तथापि त्यातील धोका नेमका कोठे आहे हे पुरेसे सांगितले जात नाही.

बॉल जॉइंटची पिन सरळ दंडगोल नसते. ती वर निमुळती होत जाते. स्टब ॲक्सलमधील भोकही तेवढेच निमुळते कोरलेले असते. नट आवळला की पिन पाचरीसारखी भोकात घट्ट बसते आणि संपूर्ण पृष्ठभाग भार घेतो. निरनिराळ्या वर्षांच्या भागांत पिनेची जाडी किंवा निमुळतेपणाचा कोन वेगळा असू शकतो. असे दोन भाग एकत्र केले तर नट आवळला जातो, वरून सर्व काही ठीक दिसते, गाडी चालतेही. पण आत पिन भोकाला एका अरुंद कड्यापुरतीच टेकलेली असते. प्रत्येक खड्ड्यागणिक ती किंचित हलते, भोक झिजत जाते आणि केव्हातरी पिन तुटते. खालचा बॉल जॉइंट सुटला की चाक गाडीखाली आडवे दुमडते. त्या वेळी गाडी ज्या वेगाने असेल त्यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

याउलट १९७३ नंतरच्या एकाच गाडीचा क्रॉस मेंबर, दोन्ही हात, स्टब ॲक्सल, डिस्क, कॅलिपर आणि स्टीअरिंगच्या जोडदांड्या असा अखंड संच घेतला तर हे भाग एकमेकांसाठीच तयार झालेले असतात. पिनेचा कोन जुळतो की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. याच मालिकेत डिस्कची जाडी मात्र एक इंच आणि सव्वा इंच अशी दोन प्रकारची आढळते. कॅलिपर एका जाडीचे व डिस्क दुसऱ्या जाडीची अशी भेसळ होऊ नये यासाठीही संच एकाच गाडीचा असणे इष्ट. श्रम अधिक, परंतु अनिश्चितता कमी, या कसोटीवर संपूर्ण संचाचा पक्ष निःसंशय सरस ठरतो. ज्या कामात चूक दिसत नाही तेथे चुकीला जागाच न ठेवणे हे शहाणपणाचे.

अर्थात संच भंगारातून आणलेला असतो हे विसरता येणार नाही. ज्या गाडीचा तो आहे ती गाडी भंगारात का आली, हा पहिला प्रश्न विचारावा. पुढून धडक बसलेल्या गाडीचा क्रॉस मेंबर डोळ्यांना न जाणवेल इतका वाकलेला असू शकतो. स्प्रिंगच्या खोबणीभोवती व बोल्टच्या भोकांजवळ तडे आहेत का, हे रंग खरवडून पाहावे लागते. सर्व बुश, बॉल जॉइंट व टाय रॉडची टोके नवीन घालावीत. बेअरिंग आणि ब्रेकच्या रबरी नळ्या याही नवीनच असाव्यात. जुना म्हणून जपायचा तो लोखंडाचा सांगाडा, रबर नव्हे.

बसवणीचे काम

गाडी चॅसीवर भक्कम घोड्यांवर उभी केली जाते आणि चाके, ब्रेकचे पाइप, जोडदांड्या सोडविल्या जातात. जुने ब्रेक उघडताना एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. त्या काळातील लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ती ओली करून पुसावी.

यापेक्षाही घातक भाग म्हणजे दाबलेली कॉइल स्प्रिंग. खालचा हात बॉल जॉइंटपासून सुटला की स्प्रिंगमधील साठलेली ऊर्जा एका क्षणात मोकळी होते. म्हणून हाताखाली जॅक लावून, स्प्रिंग चॅसीला साखळीने बांधून, जॅक हळूहळू उतरविला जातो. संपूर्ण संच एकत्र उतरवायचा असल्यास स्प्रिंग न सोडताही तो खाली घेता येतो, हा या मार्गाचा आणखी एक लाभ. इंजिनाचा आधार क्रॉस मेंबरच्या परिसरातच असल्याने इंजिन वरून साखळदंडाने तोलून धरावे लागते.

कारखान्यातील जोड जेथे रिव्हेटचे असतील तेथे रिव्हेटची डोकी ग्राइंडरने घासून दांडा ठोकून काढतात. त्या जागी उच्च ताकदीचे, भोकात न खेळणारे बोल्ट घालावे लागतात. नवा क्रॉस मेंबर जुन्या चॅसीखाली आणला की काही भोके जुळतात, काही जुळत नाहीत. न जुळणारी भोके ड्रिलने पाडावी लागतात. चॅसीची दांडी इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची असते. तिच्या उभ्या भिंतीत पाडलेले भोक फारसे बाधत नाही. वरच्या वा खालच्या पट्टीत, विशेषतः कडेजवळ, पाडलेले भोक मात्र दांडीला दुबळे करते, कारण वाकण्याचा सर्वाधिक ताण तेथेच असतो. गॅसने भोक जाळून मोठे करणे हा प्रकार तर सर्वथा त्याज्य मानला पाहिजे.

भोके पाडण्यापूर्वीची मोजणी हीच या कामातील खरी विद्या. मागील ॲक्सलच्या दोन्ही टोकांपासून पुढील स्टब ॲक्सलपर्यंतची अंतरे डावीकडे व उजवीकडे समान आली पाहिजेत. तिरपे कर्णही समान आले पाहिजेत. एका बाजूस अर्धा इंच फरक पडला तर गाडी आयुष्यभर एका अंगाने ओढत राहते आणि मालक अलाइनमेंटवर पैसे खर्च करीत राहतो. त्याचबरोबर चाकाचा मध्य मडगार्डच्या कमानीच्या मध्याशी जुळतो का, आणि स्टीअरिंग पूर्ण वळविले असता टायर कोठे घासतो का, हेही बोल्ट कायमचे आवळण्यापूर्वीच तपासले जाते.

ब्रेकची द्रवयंत्रणा : दुर्लक्षित बाजू

डिस्क बसल्या, चाके लागली, गाडी जमिनीवर आली, की काम झाले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात अर्धे काम येथे सुरू होते. १९६६ पर्यंतच्या या गाड्यांत मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा होता. कोठेही एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जात. १९६७ पासून दोन स्वतंत्र कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आला. त्यात पुढची जोडी गेली तरी मागची उरते. जुन्या एकेरी सिलिंडरवर नव्या डिस्क चालविणे म्हणजे घराला नवा दरवाजा लावून कडी जुनीच ठेवण्यासारखे आहे.

दुहेरी सिलिंडर घेतला तरी तो डिस्कसाठीचाच असावा लागतो, आणि त्याला कारणे आहेत. कॅलिपरचा पिस्टन सुमारे तीन इंच व्यासाचा, म्हणजे ड्रमच्या छोट्या व्हील सिलिंडरच्या मानाने बराच मोठा असतो. त्याला हलविण्यास तेल जास्त लागते. शिवाय पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येऊन राहतो आणि त्यामागील पोकळी तेलाने भरत जाते. म्हणून डिस्कसाठीचा कप्पा मोठा असतो. ड्रमच्या यंत्रणेत नळीमध्ये सुमारे १० पौंड प्रति चौरस इंच इतका दाब कायम राखणारी एक झडप असते. ती झडप डिस्कच्या नळीत राहून गेली तर पॅड डिस्कला सतत घासत राहतात, डिस्क तापते आणि काही किलोमीटरांतच जळका वास येऊ लागतो.

ड्रमचा एक गुण डिस्कमध्ये नाही. फिरणारा ड्रम शूला स्वतःकडे ओढून घेतो आणि ब्रेकचा जोर आपोआप वाढवितो. डिस्कमध्ये असे साहाय्य मिळत नसल्यामुळे तेलाचा दाब अधिक लागतो आणि त्यासाठी इंजिनाच्या निर्वातावर चालणारा बूस्टर जोडावा लागतो. पुढे डिस्क व मागे ड्रम अशा मिश्र यंत्रणेत दोन्हींचा तोल राखणारी झडपही हवी. मागचे शू स्प्रिंगचा विरोध मोडून ड्रमला टेकेपर्यंत ती पुढचा दाब किंचित रोखून धरते, तर जोराचा ब्रेक दाबला असता मागील दाबाची वाढ मर्यादित करते. वर दिलेल्या गणितातील ४५५ किलोग्रॅमची आठवण ठेवली म्हणजे या छोट्या पितळी झडपेचे मोल कळते.

भूमितीचा प्रश्न

चाकाच्या कोनांपैकी कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा कल, आणि टो, म्हणजे वरून पाहता दोन चाकांची तोंडे परस्परांकडे वळलेली असणे, या दोन्ही संज्ञा परिचित आहेत. जुन्या पिकअपच्या संदर्भात तिसरा कोन अधिक महत्त्वाचा ठरतो, तो कॅस्टर. बाजूने पाहिले असता वरच्या व खालच्या बॉल जॉइंटना जोडणारी रेषा मागे कलती असते. सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरपा असतो तसाच हा कल. त्यामुळे चाक वळवून सोडले की आपोआप सरळ होते. हाताने वळवायच्या जुन्या स्टीअरिंगमध्ये जोर कमी लागावा म्हणून हा कोन अल्प ठेवीत. नंतर रेडियल टायर व पॉवर स्टीअरिंग आले. या जोडीला सामान्यतः तीन ते पाच अंशांचा कॅस्टर मानवतो. जुन्याच आकड्यांवर अलाइनमेंट केलेली गाडी महामार्गावर भरकटल्यासारखी वाटते. दोष सुट्या भागांत शोधला जातो, वस्तुतः तो तक्त्यात असतो.

याहून सूक्ष्म दोष म्हणजे बंप स्टीअर. चाक वर-खाली होताना टाय रॉडचे टोक एका वर्तुळखंडात फिरते आणि कंट्रोल आर्मचे टोक दुसऱ्या. ही दोन वर्तुळे परस्परांशी सुसंगत असतील तर चाकाची दिशा बदलत नाही. क्रॉस मेंबर नवा आणि जोडदांडी जुनी अशा मिश्रणात टाय रॉडची लांबी वा त्याच्या आतील टोकाची जागा जुळत नाही. मग खड्डा आला की चालकाने स्टीअरिंग न हलविताही चाक स्वतःहून वळते. गाडी ठेंगणी दिसावी म्हणून स्प्रिंग कापणाऱ्यांना हाच त्रास होतो, कारण हात नेमलेल्या जागेतून कायमचे सरकतात. गाडी खाली आणायचीच असेल तर चाकाची पिन वरच्या अंगाला असलेला स्टब ॲक्सल वापरणे अधिक सयुक्तिक. त्यात गाडी उतरते, हातांचे कोन मात्र जवळपास मूळ राहतात.

चाकांच्या बोल्टची एक व्यावहारिक अडचण राहते. १९७० पर्यंतच्या अर्ध्या टनाच्या गाडीला प्रत्येक चाकास साडेपाच इंच वर्तुळावर सहा बोल्ट होते. १९७१ पासून पाच इंच वर्तुळावर पाच झाले. नवा पुढील संच बसविल्यावर पुढे पाच आणि मागे सहा अशी स्थिती होते आणि एकच स्टेपनी दोन्हीकडे चालत नाही. मागील ॲक्सलही नंतरच्या वर्षांचा घेणे, किंवा सहा बोल्टच्या डिस्क मिळविणे, हे त्यावरील उपाय होत.

अन्य कंपन्यांच्या गाड्या

सर्वच जुन्या पिकअपना असे घरचे उत्तर उपलब्ध नाही. १९५३ ते १९५६ च्या फोर्ड एफ-१०० ला पुढे अखंड ॲक्सल होता. तेथे १९७४ ते १९७८ च्या मस्टँग-२ या छोट्या मोटारीच्या नमुन्यावर केलेले भाग वेल्ड करून बसविले जातात. अलीकडे १९६० व १९७० च्या दशकांतील एफ-१०० वर २००३ ते २०११ च्या फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया मोटारीचा ॲल्युमिनियमचा पुढील सांगाडा बसविण्याचाही प्रघात पडला आहे. मस्टँग-२ ही हलकी मोटार होती. तिच्या नमुन्यावरील भाग वजनदार इंजिनाच्या पिकअपखाली घालताना ते भाग त्या वजनासाठी मजबूत केलेले आहेत की नाहीत, याची खातरजमा करणे अनिवार्य आहे. एकाच कारखान्याच्या एकाच वर्गातील भाग वापरण्यात जी निश्चिंती असते ती या प्रयोगांत नाही.

मूळपणा आणि कायदा

अदलाबदलीने गाडी सुरक्षित होते, पण ती मूळ राहते काय ? अमेरिकेत वाहन तपासणीचे नियम राज्यपरत्वे भिन्न आहेत आणि अशा बदलांना तेथे मोठ्या प्रमाणावर मुभा आहे. भारतीय कायद्याची भूमिका वेगळी आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला. २०२१ मध्ये केंद्र शासनाने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी जे नियम केले त्यांत पन्नास वर्षांहून अधिक वयाची दुचाकी व चारचाकी वाहने येतात; परंतु वाहन मूळ स्वरूपात जतन केलेले असावे आणि त्याच्या चॅसीत, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. महाराष्ट्रात एखाद्या संग्राहकाने अशी आयात गाडी बाळगली आणि तिच्या चॅसीतील रिव्हेट काढून नवा क्रॉस मेंबर बसविला, तर हा फेरबदल या अटीत बसतो की नाही हा प्रश्न तिच्यासमोर उभा राहील.

क्वचित रविवारी बाहेर काढायची, संग्रहाची गाडी असेल तर ड्रम ब्रेक उत्तम स्थितीत ठेवून, दुहेरी मास्टर सिलिंडरपुरता बदल करून, कमी वेगाने चालविणे हा मध्यममार्ग स्वीकारणारे मालक आहेत. रोज महामार्गावर धावणाऱ्या, कुटुंबाला घेऊन जाणाऱ्या गाडीबाबत मात्र मूळपणाचा आग्रह ब्रेकच्या वर ठेवता येणार नाही. संच बदलणारे जाणते कारागीर जुना क्रॉस मेंबर टाकून देत नाहीत. तो हातांसह, ड्रमसह, चॅसीच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधून, तेल फासून कोठारात ठेवतात. पुढील मालकाला तो परत बसवावासा वाटला तर बोल्ट सोडण्याचेच काम उरते. नव्याने पाडलेली भोके तेवढी चॅसीत राहतात.